नाटक नाही आवडलं, तर लिहायचं की गप्प बसायचं?

पत्र, थोडक्यात: ताई, मी ठाण्याची, वय 31. नवीन नाटक आलं की बघतेच, बहुतेक वेळा आईबरोबर, आणि रात्री घरी आल्यावर फेसबुकवर सविस्तर लिहिते. वाचणारेही आता बरेच झालेत. मागच्या महिन्यात एक नवीन संगीत नाटक बघितलं, तिसराच प्रयोग होता, पहिल्या रांगेत कोपऱ्यातली तिकिटं उरलेली ती घेतली. गाणी रेकॉर्डेड, नायिकेचे ओठ मागेपुढे होत होते, पहिला अंक वीस मिनिटं जास्तीचा, आणि नायिका त्या रोलला जाड वाटते, असं सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच नाटकाच्या बॅकस्टेजला असलेल्या कॉलेजमधल्या सीनियर दादाचा मेसेज, की निर्मात्याने कर्ज काढून नाटक उभं केलंय, तुमच्यासारख्यांमुळेच मराठी नाटक मरतंय. आई म्हणते चांगलं बोलता येत नसेल तर गप्प बसावं, ती त्या नाटकात रडली होती आणि मी घरी येईपर्यंत चिरफाड करत होते म्हणून तीही रागावलीय. त्यात मी मागे कधीतरी लिहिलं होतं की जुनी संगीत नाटकं मला कंटाळवाणी वाटतात, ते एका काकांनी उकरून काढलं आणि तुला संगीत नाटकावर बोलायचा अधिकारच नाही असं सुनावलं. लिहिणं बंदच करू का? आणि सध्याच्या नाटकांबद्दल तुमचं मत काय? – नाटकवेडी

अगं नाटकवेडे,

बंद करायचं नाही, हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

वाईट लिहिल्यानं मराठी नाटक मरतं हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते एकदाही पटलेलं नाही. आपल्याकडे नाटक चालतं कशावर ते बघ ना, पेपरातली एवढीशी जाहिरात, आता मोबाइलवर फिरणारं पोस्टर, आणि मग सगळी भिस्त बघून आलेल्या माणसांच्या तोंडावर. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी म्हणतं अगं जाऊन ये, मस्त आहे, आणि पुढच्या रविवारी दोघीतिघी जातात. त्या तोंडावर लोकांचा भरवसा आहे म्हणून बोर्ड हाऊसफुल लागतो. आता प्रत्येक नाटकाला अप्रतिम, चुकवू नका, डोळे पाणावले असंच लिहायचं ठरवलं तर वर्षातून एकदाच नाटकाला जाणारं एखादं कुटुंब त्यावर विश्वास ठेवून निघतं, चौघांची तिकिटं, पुढच्या रांगांना माणशी चारशे-पाचशे, रिक्षा, मध्यंतरातला वडा आणि कॉफी, दोन-अडीच हजार सहज गेले, आणि बिचारे कंटाळून घरी. ते कुटुंब पुढची दोन वर्षं नाट्यगृहाची पायरी चढत नाही, आणि त्या दोन वर्षांत आलेलं खरोखर चांगलं नाटकही त्यांच्याविनाच जातं. ते नुकसान कोणी मोजत नाही. म्हणून तुझ्यासारखी, स्वतःच्या पैशानं तिकीट काढून जाणारी आणि खरं लिहिणारी बाई मला नाटकवाल्यांच्या बाजूची वाटते, विरुद्ध बाजूची नाही.

पण दादाच्या मेसेजात एक गोष्ट आहे जी तू रागाच्या भरात सोडून दिलीस असं मला वाटतं, ती म्हणजे तू तिसरा प्रयोग बघितलास. आणि पोस्टमध्ये ते लिहिलंस का? तुझ्या पत्रावरून तरी नाही वाटत.

व्यावसायिक नाटकाचा एक दिवस कसा असतो तो डोळ्यासमोर आण. दुपारचा प्रयोग असेल तर सकाळी टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागतो, नेपथ्याच्या भिंती म्हणजे फ्लॅट उतरतात, उंचवटे म्हणजे लेव्हल्स जोडल्या जातात, कोणीतरी शिडीवर चढून लाइट फिरवतोय, खाली प्रकाशयोजनाकार ओरडतोय अजून डावीकडे, अजून, बस्स, आणि त्याच वेळी साउंडवाला माइक लावून हॅलो हॅलो करतोय. हे सगळं काही तासांत. आज शिवाजी मंदिर, उद्या वाशी, परवा पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, प्रत्येक ठिकाणी स्टेजची रुंदी वेगळी, विंगा वेगळ्या, आवाज घुमण्याची तऱ्हा वेगळी. परदेशातली मोठी म्युझिकल्स एकाच थिएटरात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असतात, त्यांचं सगळं जागच्या जागी बसलेलं असतं, आपलं नाटक रोज नवीन घरात संसार मांडतं आणि रात्री आवरतं. साध्या नाटकाला हे कसंबसं जमून जातं, पण संगीत नाटकाचे यात फार हाल होतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आणि ट्रॅक दोन्ही नीट ऐकू यायला लागतं, गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर, चुकीच्या जागी ठेवला तर सूर किंवा ताल दोन्हीपैकी एक गेलाच समज. साडीला लावलेला माइक दागिन्याला घासला की खरखर. आणि हे सगळं तिसऱ्या प्रयोगापर्यंत बसत नाही गं, दहा-पंधरा प्रयोग झाले की बसतं. त्यात तू कोपऱ्यात, पहिल्या रांगेत, म्हणजे बहुतेक त्या बाजूच्या स्पीकरच्या थेट तोंडाशी. संगीत नाटकाला तिथं बसूच नये, आवाज एकाच बाजूचा कानावर आदळतो आणि रंगमंचावरची गाणारी व्यक्ती आणि तिचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणाहून येतोय असं वाटत राहतं. सातवी-आठवी रांग, मधली खुर्ची, आणि नसेलच मिळत तर सरळ बाल्कनीत जा.

हे ऐकून असं समजू नकोस की मी तुला तक्रारी मागे घ्यायला सांगतेय. पहिला अंक वीस मिनिटं जास्त आहे ही तक्रार तर मला सोन्यासारखी वाटते. सुरुवातीच्या प्रयोगांत लेखक-दिग्दर्शक मागे उभे राहून हेच तर बघत असतात की लोक कुठे खोकायला लागले, कुठे मोबाइल उजळले, कुठला हशा यायला हवा होता आणि आला नाही, आणि मग कात्री लागते. फक्त तू 'लांबलंय' एवढ्यावर सोडलंस की तो प्रवेश कुठला तेही लिहिलंस? समजा, मावशीचं गाणं संपल्यावर परत तीच गोष्ट संवादात येते, तिथे माझं लक्ष उडालं, असं लिहिलं तर ते वाचणाऱ्यालाही कळतं आणि करणाऱ्यालाही. तेव्हा पोस्ट काढू नकोस, वरती एक ओळ घाल, अमुक तारखेचा, अमुक नाट्यगृहातला, तिसरा प्रयोग. यापुढे प्रत्येक वेळी घाल.

एक ओळ मात्र आजच्या आज काढ, नायिका जाड वाटते ती. तिथे दादा चिडला असेल तर बरोबर चिडला. तिने गायलं कसं, संवाद पोचले का, पहिल्या अंकातली मुलगी आणि दुसऱ्या अंकातली बाई यांच्यात फरक दिसला का, यावर हवं तेवढं कडक लिही, ते तिचं काम आहे. शरीर तिचं आहे, त्यावर तिकीट लागत नाही. आणि आपल्या रंगभूमीवर देहयष्टी हाच काही निकष नव्हता, बालगंधर्वांनी तर वयाच्या उतारावर, शरीर सुटलेलं असतानाही नायिका रंगवल्या आणि लोकांनी त्या गळ्यासाठी जिवाचा कान करून ऐकल्या.

आता रेकॉर्डेड गाण्यांबद्दल, कारण पत्रातला माझ्या सगळ्यात जवळचा मुद्दा तोच आहे. यात दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून टाकतात. एक म्हणजे साथसंगत रेकॉर्ड केलेली आणि नट मात्र समोर खरा गातोय. दुसरी म्हणजे गाणंच आधी स्टुडिओत गाऊन ठेवलेलं आणि नट ओठ हलवतोय. पहिली गोष्ट मी समजू शकते. ऑर्गन, तबला, बासरी, कीबोर्ड असे चार वादक धरले तर त्यांचं दर प्रयोगाचं मानधन म्हणजे नाइट, दौऱ्यात बसमधल्या चार सीट, राहणं-जेवण, आणि मधल्या वारी अर्धं नाट्यगृह रिकामं असेल तर हे सगळं कुठून काढायचं, हा निर्मात्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि त्याच्यावर हसण्यासारखं काही नाही. दुसरी गोष्ट मला मान्य नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हापासून या प्रकाराची सगळी मजा यातच आहे की जो बोलतोय तोच गातोय, आत्ता, तुझ्यासमोर, आणि चुकला तर तुझ्यासमोरच चुकणार. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसाहेबांसारखे नावाजलेले तबलावादक बसायचे, म्हणजे नाटकाची साथ ही काय दर्जाची गोष्ट मानली जायची बघ. तेव्हा जाहिरातीत 'संगीत' हा शब्द घातला असेल आणि आत नट ओठ हलवत असतील, तर ते लिहायलाच हवं. नाच करता करता गाताना श्वास पुरत नाही हे खरं आहे, मग त्या एका नाचापुरता ट्रॅक घ्या, बाकीचं गा, आणि तसं मोकळेपणानं सांगा, प्रेक्षक समजून घेतो. पण तुला खात्री आहे ना की यातलं दुसरं होतं? ओठ मागेपुढे दिसणं आणि आवाज भलत्याच बाजूच्या स्पीकरमधून येणं, पहिल्या रांगेच्या कोपऱ्यातून या दोन गोष्टी सारख्याच दिसू शकतात. दादा त्याच नाटकात आहे, सरळ विचार त्याला.

संगीत नाटक बघताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत असते, की हे गाणं काढून टाकलं तर गोष्ट अडेल का. कट्यार काळजात घुसलीमध्ये अडते. 1967चं नाटक, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, दोन घराण्यांचं वैर आणि मध्ये सापडलेला शिकायला आलेला सदाशिव, तिथे भांडणच गाण्यातून होतं, गाणं काढलं तर उरतंच काय. अगदी अलीकडचं बघायचं तर 2017 मध्ये आलेलं संगीत देवबाभळी घे, प्राजक्त देशमुखांचं. भाकरी घेऊन तुकोबांना शोधत डोंगर चढणाऱ्या त्यांच्या बायकोच्या, आवलीच्या पायात काटा रुततो आणि तो काढायला खुद्द विठ्ठल येतो, वर तिची सेवा करायला रखुमाईला लखुबाई बनवून तिच्या घरी धाडतो. आता एक बाई ज्याला दिवसभर शिव्या घालतेय तो दुसरीचा नवरा, आणि दुसरी बाई त्याच नवऱ्यावर रुसून बसलेली, पण पहिलीला हे सांगू शकत नाही. दोघीच रंगमंचावर. आवली जेव्हा घरातलं काम करता करता त्या काळ्याला बोल लावते आणि ते बोलणं बघता बघता सुरात शिरतं, तेव्हा गाणं कुठे सुरू झालं ते कळतही नाही, आणि तिकडे लखुबाईचा चेहरा बघायचा की इकडे आवलीकडे, अशी आपली ओढाताण होते. मी बघितलं तेव्हा प्रेक्षकांत विशी-पंचविशीतली मुलं होती, कुणीही उठलं नाही. म्हणजे आजच्या पोरांना संगीत नाटक नको असतं हे खोटं आहे, त्यांना गोष्ट थांबवणारं गाणं नको असतं.

आणि इथेच त्या काकांचं उत्तर आहे. तुला जुन्या संगीत नाटकांचा कंटाळा येतो ही काही पापाची कबुली नाही. पूर्वी नाटकं रात्र रात्र चालायची, ढिगानं पदं, त्यात वन्समोअर, लोक गाणं ऐकायलाच यायचे आणि नाटक मध्ये मध्ये व्हायचं. हे आटोपशीर करायला हवं हे तुझ्याआधी खुद्द संगीतकारांनी ओळखलं, 1964च्या मत्स्यगंधा या संगीत नाटकात अभिषेकींनी पदांना दिलेला आटोपशीरपणा लोकांनी डोक्यावर घेतला. शिवाय संगीत नाटक म्हणजे फक्त रागदारीतली नाट्यपदं असंही नाही. 1972 सालचं घाशीराम कोतवाल आठव, कीर्तन, लावणी, रंगमंचावर ओळीनं उभ्या माणसांचाच पडदा, भास्कर चंदावरकरांचं संगीत, तेही गाण्यावरच उभं आहे की. तेव्हा अधिकार वगैरे काही नसतं, तिकीट काढून शेवटपर्यंत बसलेल्या प्रत्येकाला मत असतं. काकांशी वाद घालत बसू नकोस, त्यांनी बहुतेक अशा गायकांना समोर बसून ऐकलंय ज्यांना आपण फक्त रेकॉर्डवर ऐकतो, त्यांची तळमळ खरी आहे. उलट त्यांनाच विचार की सौभद्रचा सध्या कुणाचा प्रयोग बघू. सौभद्र मी मुद्दाम म्हणतेय, 1882चं असलं तरी ती खरं तर एक खट्याळ लग्नाची गोष्ट आहे, संन्याशाच्या वेशातला अर्जुन, सगळी सूत्रं हलवून साळसूद राहणारा कृष्ण आणि भडकलेला बलराम. जायच्या आधी आठवडाभर त्यातली चार-पाच पदं नुसती ऐकत राहा, स्वयंपाक करताना, ट्रेनमध्ये. पद ओळखीचं झालं की रंगमंचावर ते लांबलेलं वाटत नाही, गाणारा कुठे नवीन जागा घेतो याची वाट बघायला लागतेस. एवढं करूनही कंटाळा आला तर आला, तसंच लिही.

सध्याच्या नाटकांबद्दल माझंही मत तू पत्राच्या शेवटी विचारलंयस, ते थोडक्यात सांगते. मला काळजी वाटते ती त्याच त्या दिवाणखान्याची, मध्ये सोफा, दोन जोडपी, एक गैरसमज, आणि पोस्टरवर मालिकेतला चेहरा. विनोदी नाटकांना माझा विरोध नाही, आपला प्रेक्षक हसायला येतो आणि त्याला टायमिंगची उत्तम जाण आहे, पण विनोदाला निदान नवीन घर तरी द्या. जुनी नाटकं परत येतात त्याबद्दल मात्र लोक नाकं मुरडतात तसं मला वाटत नाही. 1991चं चारचौघी 2022 मध्ये परत आलं, विद्याचा तो फोनवरचा प्रवेश, एकटी बाई, हातात रिसीव्हर, पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूही येत नाही, आणि मुक्ता बर्वेनं तो असा काही धरून ठेवला की अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसलं. तीस वर्षांनी एखादं नाटक अजून टोचत असेल तर ते करावंच. आणि बालनाट्यं. 'अलबत्या गलबत्या'ला चेटकीण आली की पोरं खुर्चीवर उभी राहून किंचाळतात, 'आज्जीबाई जोरात'ला तीच पोरं मोबाइल सोडून दोन तास समोर बघत बसतात. यांच्यावर तू एकदाही लिहिलेलं मला दिसलं नाही, लिही ना. भाच्याला घेऊन जा आणि तो कुठे हसला, कुठे तुझा हात धरला ते लिही.

दादाला उत्तर पोस्टखाली देऊ नकोस, फोन कर. मेसेजवर सूर कळत नाही, आणि तो माणूस सकाळी सातपासून फ्लॅट उचलतोय, रात्री अकराला परत भरतोय, अशा वेळी कुणाचंही 'कंटाळवाणं' हे अंगावरच येणार. त्याला सांग की नायिकेबद्दलची ओळ काढली, ती लिहायला नको होती. गाण्यांचं नेमकं काय होतं ते विचार. आणि सांग की पंधरा-वीस प्रयोग झाल्यावर परत बघणार आहे आणि परत लिहिणार आहे. मात्र तो पास देतो म्हणाला तर घेऊ नकोस. पास घेऊन लिहिलेल्याला वजन राहत नाही, चांगलं लिहिलंस तरी नाही आणि वाईट लिहिलंस तर नाहीच नाही. कधी घ्यावाच लागला तर तसं पोस्टमध्ये लिहून टाक. कर्जाचं म्हणशील तर ते ऐकून वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण कर्ज निर्मात्याचं आहे म्हणून पहिला अंक छोटा होत नाही, आणि दादालाही हे आतून माहीत असणार.

राहिली आई. तिचं 'गप्प बसावं' हे फेसबुकबद्दल आहे असं मला नाही वाटत. ती रडली होती, अजून डोळे पुसतेय, आणि शेजारी लेक सुरू झाली की माइक खराब, अंक लांब. तिला जे मिळालं होतं ते तू पार्किंगपर्यंत जायच्या आत काढून घेतलंस. शिवाय प्रयोग सुटल्यावर लॉबीत नटांच्या घरचे उभे असतात, वादकाची बायको असते, तिथे कुणीच मोठ्यानं चिरफाड करू नये. पुढच्या वेळी घरी पोचेपर्यंत आईला बोलू दे, कुठल्या वाक्याला रडू आलं ते विचार. तुला वाटतं त्यापेक्षा तिचं लक्ष जास्त असतं बघ, तू नेपथ्य आणि साउंड बघत होतीस तेव्हा ती माणसं बघत होती. आणि ती जे सांगेल ते तुझ्या पोस्टमध्ये तिच्या नावानं येऊ दे, आईला इथे रडू आलं, मला नाही आलं. एकाच प्रयोगाचं असं दोन्हीकडचं लिहिलेलं वाचायला मला तर फार आवडेल, आणि वाचून कुणाला नाटकाला जायचं ते आपोआप कळेल.

तर आता ती नायिकेबद्दलची ओळ काढ, तारीख घाल, दादाला फोन कर, आणि त्या नाटकाचं पुढच्या महिन्याचं बुकिंग उघडलं की दोन तिकिटं काढ, मधल्या रांगेतली, आईची खुर्ची आतली आणि तुझी पॅसेजकडची, कारण मध्यंतरात कॉफीच्या रांगेत तुलाच धावायचंय.